पाचर

मिलवॉकीत, सरोवराच्या काठी, नोव्हेंबरात,
लोखंडी छपराच्या हॉलमध्ये
माझा स्टॉल, क्रमांक दोनशे अठरा.
शेजारी काचेचा कोबी, चाळीस हजार डॉलर.
पानावर काचेची अळीसुद्धा आहे.
माणसं वाकून ती बघतात, हसतात,
पुढे जातात.

माझ्याकडे पंख आहेत.
ॲशच्या लाकडाचे, चौथऱ्यावर उभे करायचे.
पहिला केला तेव्हा धाकटा भाऊ गेला होता
आणि हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.
तो विकला गेला. मग तसाच आणखी एक हवा झाला कुणाला.
हा एक्केचाळिसावा.
भाऊ यात कुठे नाही.
सहाव्यापर्यंत होता, बहुतेक.

"हाच करड्या रंगात मिळेल का?"
एक बाई मोबाइलवर सोफ्याचा फोटो दाखवतात.
मिळेल, मी म्हणते.
इतकं चटकन म्हणते
की माझाच आवाज मला ऐकू येतो.

गॅलरीवाला ड्यूई कानाशी लागतो:
इंगा, लाकडाबद्दल नको बोलूस, तुझ्या प्रवासाबद्दल बोल.
कुठला प्रवास?
वॉशबर्नहून आले, सहा तास, भाड्याच्या व्हॅनमधून.
वाटेत एकदा डिझेल भरलं.

तीस वर्षांपूर्वी याच छपराखाली
एका वाडग्यापाशी माझे पाय थांबले होते.
मातकट, बुटका. बुडाशी अंगठ्याचा ठसा,
पुसायचा राहिलेला, की ठेवलेला, कोण जाणे.
आजूबाजूला कुणी नाही असं बघून
मी माझा अंगठा त्यात ठेवला.
मोठा होता तो ठसा. माझा अंगठा आत हरवला.
दिवे मालवेपर्यंत तिथेच होते.
सोमवारी पतपेढीतली नोकरी सोडली.
आई महिनाभर बोलली नाही.

यंदाही सगळ्या रांगा फिरले,
एखादा अंगठा सापडेल म्हणून.
सगळं गुळगुळीत. सगळं उत्तम.
इतकं उत्तम
की बोट ठेवायला जागा नाही.
आणि तशी पाटीही आहेच: हात लावू नये.

आमच्याकडे ॲशची झाडं उभ्या उभ्या मरताहेत.
साल सोलली की आत
अळीने कोरलेल्या वाटा, वळत, मुरडत,
कुठे सही नाही.
झाडाचा जीव घेऊन का होईना,
तिला जायचं होतं तिथे ती गेली.
शेजारच्या कोबीवरच्या अळीला
भूकच नाही.

आणि ओर्व्हिल.
मांडणीच्या दिवशी माझा चौथरा डुगडुगत होता.
फोर्कलिफ्ट थांबवून तो उतरला,
खोक्याचं एक फळकूट उचललं,
खिशातल्या चाकूने चार छिलके काढले,
गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून
पाचर सरकवली. टिचकी मारली.
चौथरा गप्प.
"झालं," म्हणाला.
वर उभ्या पंखाकडे त्याने पाहिलंही नाही.
मला राग यायला हवा होता.

रविवारी आवराआवर.
पंख गेला, करड्या रंगाच्या अटीवर.
ड्यूई पुढच्या वर्षीच्या स्टॉलची पावती फाडायला बसला.
त्याच्या बेतात पाचर मारायचं धाडस झालं नाही.
बघते, म्हणाले.
बघते म्हणजे काय, ते दोघांनाही कळलं नाही.

सगळे गेल्यावर चौथऱ्याखालून
ओर्व्हिलची पाचर काढून घेतली.
चोरीच म्हणा.

आता घरी आहे. कामाच्या खोलीचं दार
गेले तीन हिवाळे वाऱ्याने आपटतं,
आपटू देते आहे.
आज त्याच्याखाली ती सरकवली.
टिचकी मारली.
चाकूच्या तिसऱ्या खुणेत अंगठा अर्धा बसतो.

दार अर्धवट उघडं, गप्प.
सरोवरावरून थंडी आत येते आहे,
कोपऱ्यातला भुसा हलतो आहे.
करड्या रंगाचा डबा
मी अजून उघडलेला नाही.