पडताळणी

चौतीस वर्षं वजनमापं खात्यात काढली, ठाण्यात.
वजन उपडं करायचं,
बुडाची शिशाची गोळी बघायची.
शिसं कोरलेलं असलं
की डोळ्याआधी अंगठ्याला कळायचं.

शद्रक ओहोळच्या अर्ध्या किलोत
ज्वारीचे पाच दाणे मावतील एवढा खड्डा होता.
कळवा नाका, चौऱ्याण्णव साल,
नाताळच्या आधीचा गुरुवार.
बायको गोणीवर बसून लेकराला पाजत होती.
मी पंचनामा लिहिला.
आजही लिहीन. खड्डा तो खड्डा.

पुढं विटाव्याच्या मंडळीत
तोच दानथैली घेऊन रांगेरांगेतून फिरू लागला,
आणि मी खजिनदार.
उपासना झाली की मागच्या खोलीत
नोटा मी मोजतो. मग पुन्हा मोजतो.
थैली दुसऱ्या कुणाकडे असली तर एकदाच.
अकरा वर्षं.
रुपया कमी आला नाही कधी;
आणि खरं सांगायचं तर दर वेळी
जराशी निराशाच व्हायची.

परवा तो दारात येऊन थांबला.
"दोनदा मोजता ना साहेब? मोजा.
माझीही खात्री होते."

आवाजात काटा नव्हता.
मी शोधला.

रात्री झोप लागेना तेव्हा आठवली
मखमलीच्या पेटीतली आमची पितळी प्रमाणवजनं.
ठरल्या मुदतीला तीही
वरच्या प्रयोगशाळेत न्यावी लागत, तपासायला.
एका साली माझं दोनशे ग्रॅमचं हलकं भरलं.
कुणी कोरलं नव्हतं.
नुसतं पुसून पुसून,
दुसऱ्यांच्या वजनांसमोर ठेवून ठेवून
झिजलं होतं.
तोवर त्याच्या भरवशावर
किती जणांना मी खोटं ठरवलं
याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

या रविवारी थैली माझ्यापुढं आली.
पेन्शन माझी बरी आहे.
दशांश किती होतो
ते मला पैशापर्यंत पाठ आहे.
मूठ आत घातली, सोडली:
वीसची नोट, चौघडी करून,
किती ते दिसू नये म्हणून.

मान वर केली तर शद्रक
छताच्या पंख्याकडे पाहत होता.
थैलीत हात गेला कुणाचाही
की तो तिकडंच पाहतो.

पंखा बंद होता.