गार इंजिन

उजाडायच्या आत तुसेकिले यार्डात हजर.
दार-ए-सलाममध्ये अजून पहिला चहा उकळायचा होता.
रात्रभर बसमध्ये अवघडून आलेली बाई,
पण तोंडावर पाणीसुद्धा न मारता
थेट त्या पांढऱ्या स्कॅनियापाशी गेली,
जाळीतून हात आत घातला
आणि आजारी पोराचं कपाळ चाचपावं
तसा रेडिएटर चाचपला.

"गरम आहे," म्हणाली.

हमदुनी हसला. "रात्री जागा बदलली गाडीची, मामा."
मी जमिनीकडं बघितलं.
मी मिस्त्री. इथं म्हणतात फुंदी.
गाडी पारखायला तिनंच मला लावलेलं, रोख पैसे देऊन,
आणि आदल्या संध्याकाळी हात मिळवताना
हमदुनीच्या तळव्यातून माझ्या तळव्यात
काही घडीच्या नोटा आल्या होत्या.
त्या अजून खिशात. उजव्या.

जुनं डिझेल इंजिन गार असतानाच खरं बोलतं.
खोकतं, थुंकतं, कुठं दुखतं ते सांगतं.
तापलं की निवडणुकीतल्या उमेदवारासारखं
सगळ्यांशी गोड.
हे कळायला माझे केस पिकले.
हिला कसं ठाऊक? हिला गाडी चालवताही येत नाही.

तुंदुमाच्या नाक्यावर तिची खानावळ.
झांबियातून तांबं आणणारे, तिकडं खत नेणारे,
चार चार दिवस रांगेत कुजणारे ड्रायव्हर
उगाली, सुकी मासळी आणि जकातवाल्यांना शिव्या
चौदा वर्षं तिच्या बाकांवर रिचवत आले.
कुणाचा क्लच किटोंगाच्या घाटात जळाला,
कुणाच्या चासीला रंगाखाली भेग निघाली,
कुणाच्या गळ्यात गरम इंजिन बांधलं,
ताटं विसळता विसळता
सगळं तिच्या कानात साठत गेलं.

"थांबू या," ती म्हणाली. "गार होऊ दे."

एवढं लोखंड, त्यात दारचा उकाडा.
आम्ही कडुनिंबाखाली बसलो.
हमदुनीनं तीनदा फोन केला,
दुसरं गिऱ्हाईक निघालंय म्हणाला. कुणी आलं नाही.
तिनं डबा उघडला, उकडलेला कसावा वाढला.
त्यालाही वाढला.
मग केबिनमध्ये चढून मागचा झोपायचा फळका बघितला.
"उंच माणूस होता," म्हणाली, "पायाशी पत्रा झिजलाय.
माझा अन्येल्विसे बुटका आहे. मावेल."
काचेवर कुठल्या तरी थंड देशातल्या पोरानं चिकटवलेलं
हरणाचं चित्र होतं. एक शिंग फाटलेलं.
ते तिनं नखानं खरवडलं नाही.

इंजिन गार होत होतं. खिसा तापत होता.

अडीचला पुन्हा हात आत गेला. "आता."

दोनदा कुंथली. तिसऱ्यांदा पेटली.
निळा धूर, मग पांढरा,
आणि धुरामागून एक बारीक टकटक.

"फुंदी, काय म्हणतेय?"

सांगितलं.
एक इंजेक्टर गेलाय, ते किरकोळ.
पण तिसऱ्या आडपट्टीपाशी चासीला जोड आहे,
रंगाखाली. बोट फिरव, लागेल.

खाल्ल्या मिठाला जागला नाही,
असं हमदुनी माझ्याकडं बघत राहिला.
नोटा त्याच्या तोंडावर फेकल्या,
असं लिहायला मला आवडलं असतं.
फेकल्या नाहीत.

"तू दोन्हीकडून घेतोस,
हे ड्रायव्हरांनी केव्हाच सांगितलेलं," ती म्हणाली.
"कानांचे पैसे मी दिले होते.
तोंडाची वाट बघत बसले."

नव्वद लाख शिलिंग उतरले.
जोड पुन्हा मारायचा, माझ्याच हातून, फुकट.
हेही तिनंच ठरवलं.

कागदांवर सह्या झाल्या. अन्येल्विसेनं किल्ली घेतली.
ती शेजारच्या सीटवर चढून बसली,
चपला काढून मांडीवर घेतल्या.

"सुरू नको करू एवढ्यात," म्हणाली.
"चौदा वर्षं खालून ताट देत आले ह्यांना.
वरून कसं दिसतं, बघू दे."

समोर हमदुनीची भिंत होती,
आणि भिंतीवर एक कोंबडी.
बराच वेळ बघत होती ती.