हक्कसोड

तीस जून. संध्याकाळचे सहा वाजायला अजून चाळीस मिनिटं.
या दिवसांत टोलेडोत ईरी सरोवरातून माश्या उठतात,
एका दिवसाच्या आयुष्याच्या, लाखोंनी,
आणि आमच्या तिसऱ्या मजल्याच्या काचेला चिकटतात.
मी पडदा ओढत नाही. मला तक्ता बघायचाय.

मालक श्रीमंत आहेत. दोन बोटी, एक द्राक्षमळा.
पण प्रश्न त्यांच्या खिशाचा नाहीच.
लीगने सगळ्या संघांना एकाच मापाचं अंथरूण दिलंय
आणि आमच्याकडे पाय पसरणारे
सगळे साडेसहा फुटांच्या वर.

लोकांना वाटतं, करार संपला, माणूस गेला, जागा झाली.
तसं नसतं.
ओटिस फेअरवेदरचा शेवटचा पगार
एक कोटी चाळीस लाख डॉलर.
उद्यापासून तो आमचा नाही,
पण त्याच्यावरचा हक्क धरून ठेवला
तर माझ्या तक्त्यात तो दोन कोटी दहा लाखांचा.
दीडपट.
नसलेला माणूस असलेल्याहून जड.
हे मला नियमावलीच्या आधी
आईच्या शिवणयंत्राने शिकवलं होतं, पण ते जाऊ दे.

आणि रिकाम्या खुर्च्या!
बाराला कमी पडतील तेवढ्या प्रत्येक खुर्चीपुढे
नवख्या पोराचा पगार मांडावा लागतो.
तिच्यावर कोणी बसत नाही,
तरी ती खाते.
चार वर्षांपूर्वी काढलेला एक पोरगा
अजून दरसाल नऊ लाख नेतो;
हप्ते मीच लांबवले होते.
तो म्हणे आता ओरेगनात बकऱ्या पाळतो.

हॅलोरनसाहेब दारात.
सहाच्या आत परक्या खेळाडूचं नाव काढायला मनाई,
म्हणून ते फक्त भुवया उडवतात.
भुवयांचा अर्थ: कास्पार्स. लाटव्हियाचा. सात फूट एक इंच.
जागा कर, वांडा.

ओटिस नऊ वर्षं होता.
दर सोमवारी वर यायचा, चौकटीखाली वाकून,
"आज मी किती जागा अडवतोय?"
मी टक्का सांगायची.
तो माझ्या डब्यातली खारवलेली काकडी उचलायचा,
"मग हीसुद्धा धर त्यात."

सहा जुलैपर्यंत सगळे शब्द फोनवर, कागदावर काही नाही.
सहाला दुपारी मी हक्कसोडीचा अर्ज पाठवला.
एक पान. कारण लिहायला रकाना नाही.
दोन कोटी दहा लाख गेले
आणि पडद्यावर एवढं मोकळं झालं
की मी टेबलाची कड धरली.
दहा मिनिटांत त्यात कास्पार्स मावला.
उरलं ते कुणाच्याच मापाचं नव्हतं.

खाली रस्त्यावर फावड्याने माश्या ओढत होते
तेव्हा ओटिसचा फोन आला.
"आता किती अडवतोय?"
"शून्य."
पलीकडे बराच वेळ
त्याच्या गाडीचा इंडिकेटर टिकटिकत राहिला.

मग मी उरलेलं एक दार सांगितलं.
किमान पगाराला जागा लागत नाही, ओटिस.
अंथरूण संपलं तरी
जमिनीवर झोपायला कुणाची ना नाही.

तो हसला बहुतेक.
"गुडघ्याला विचारून कळवतो."

अकरा नावं झालीत.
बाराव्या खुर्चीपुढे मी
नवख्या पोराचा पगार मांडून ठेवलाय,
नियमाप्रमाणे.