चपलेवर चालेल

वाट सोपी आहे, चपलेवर चालेल,
मार्सेलकाका फोनवर म्हणाले होते.
ते स्वतः अनवाणी आले.

मनोरीची खाडी, मिठागराचा जुना बांध,
आणि आम्ही तिघं: ते, मी
आणि ऑपरेशननंतरचा माझा गुडघा.

रावस बघायचा होता. ताटातला नव्हे,
तुकड्या पाडायच्या आधीचा, अख्खा, पोहता.
"भरतीवर चढतो," काका म्हणाले,
"भूक लागली का."

चिखलात निवट्या,
डोक्यावर डोळे, घरमालकासारखा संशय.
तिवरांची मुळं नाक वर काढून उभी.
एक मासा उसळला. मी ओरडले, "रावस!"
"बोय."
पुन्हा उसळला.
"बोयच."

मग पाणी फिरलं.
बांधाखाली कोळंबी एकाएकी
तापल्या तव्यावरच्या थेंबांसारखी उडाली
आणि तिच्या मागे काहीतरी
राखाडी, लांब, अजिबात घाईत नसलेलं
वळलं.

काकांनी बोट दाखवलं नाही. नुसते थांबले.
मीही. गुडघाही.

जेट्टीपाशी टोपलीत एक होता, बर्फावर.
सवयीनं भाव विचारला.
त्याच्या डोळ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

अर्धा घेतला.
शेपटीकडचा.