आठवडा क्रमांक सेहेचाळीस

शारजाला, अल नहदाच्या मॉलमध्ये, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी
मारिचेलनं कूपन पुढे केलं:
नाव, मोबाईल, लग्न झालंय का, पगाराच्या चौकोनात खूण.
दोन दिवसांनी फोन. तुम्हाला मायक्रोवेव्ह लागलाय,
जोडीनं या, फक्त नव्वद मिनिटं.

आम्ही गेलो. मायक्रोवेव्ह खरंच हवा होता.

तिनं चहा दिला, समुद्राचे फोटो असलेली वही उघडली,
पेनानं गणित मांडलं:
हॉटेलांवर वर्षाला इतके घालवता, वीस वर्षांचे किती?
हेरंब म्हणाला, आम्ही हॉटेलात जातच नाही.
ती म्हणाली, म्हणूनच.

त्या ‘म्हणूनच’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
शिवाय तिच्या कॉलरवर इस्त्रीचा पिवळा डाग होता,
तो दिसल्यावर मला नाही म्हणवेना.

खोरफक्कानला, चौथ्या मजल्यावर, समुद्राकडे तोंड,
दोन खोल्या, शेगडीसकट,
वर्षातला एक आठवडा आमचा. सेहेचाळिसावा.
नोव्हेंबरातला, इथली हवा माणसाळते तेव्हाचा.
गावी आईला कळवलं: समुद्रावर घर घेतलं.
किती दिवसांचं, ते नाही सांगितलं.

आता हेरंबचं काम असं, की
जहाज गोदीत येतं तेव्हा येतं.
फोरमन बुधवारी रात्री अकराला सांगतो,
उद्या-परवा घे बाबा, शनिवारी पहाटे हजर.
आमच्या घरात बॅग माळ्यावर नसते, दारामागे असते,
टूथब्रश घालून.

आणि त्यांचं म्हणणं असं, की
तारीख पक्की करा दहा महिने आधी,
बदलायची तर साठ दिवस आधी.
आठवडा वाया गेला तर गेला,
देखभालीचे पैसे मात्र जानेवारीत.

पहिल्या वर्षी मी मारिचेलला फोन केला.
म्हटलं, बाई, आमचं सगळं ऐन वेळचं.
लग्नसुद्धा. ह्याचा व्हिसा आला नि चार दिवसांत अक्षता.
मुलगी सातव्या महिन्यात.
वडील गेले तेव्हाचं तिकीट रात्री दोनला, तिप्पट भावानं,
आणि पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं.
ऐन वेळच्यांसाठी काही आहे का तुमच्याकडे?

ती थांबली. पाठ केलेलं संपलं असावं.
मग म्हणाली, मॅडम, खरं सांगू? नाही.
मीच तीन वर्षं घरी गेले नाहीये.
पुढच्या वेळी त्या नंबरवर दुसरंच कुणी होतं.

चार वर्षं आठवडा आला आणि आमच्यावाचून गेला.

यंदा नेमका त्याच आठवड्यात, बुधवारी, अकराला, फोरमन.
गुरुवारी निघालो. मुलगी बोगदे मोजत होती,
एकदा तीन, एकदा पाच, मधे झोप.
वाटेत मी मोबाईलवर पाहिलं:
आमचीच इमारत, आमचाच मजला,
आज रात्रीसाठी, उरलेली एक खोली,
देखभालीच्या निम्म्यात.
हेरंब म्हणाला, आपलंच घर भाड्यानं घ्यायचं?
तो हसला. मला हसू यायला एक बोगदा लागला.

नाही घेतली. बाहेरच्या, सगळ्यांच्या वाळूवर
चटई टाकली.
त्यानं खालून बोटानं मजले मोजले.
चौथा, डावीकडून तिसरी.
दिवा होता. गॅलरीत हिरवा टॉवेल,
नीट पिळून, दोन्ही टोकांना चिमटे.
मी म्हटलं, व्यवस्थित माणसं दिसतात.
हो, तो म्हणाला, आधीपासून ठरवणारी.

मुलीनं वर बघून हात हलवला.
टॉवेलामागून कुणीतरी हलवला,
किंवा वारा होता.

घावनांना वाळू लागली होती, तरी खाल्ले,
दाताखाली करकर, चटणीबरोबर.
साडेनऊला फोन. जहाज लवकर लागलंय.
हेरंबनं चटई झटकली,
मी मुलीला उचललं.
बॅग गाडीतच होती,
उघडलीच नव्हती.