कानामागे

माझं काम ब्रश धुण्याचं.
अडीचचा खेळ संपला की मे-तेंगच्या पाण्यात
आधी लाल, मग हिरवा. काळा शेवटी,
तो लवकर निघत नाही.

खाम्पेंगच्या ब्रशाला एक आडवी काडी असते,
ती सोंडेच्या टोकात अडकवायची,
मग कागदावर उमटतो हत्ती,
सोंडेत फूल धरलेला.
रोज तोच. फूलही तेच, पाच पाकळ्यांचं, डावीकडे कललेलं.
आमच्या डोंगरात असलं फूल मी पाहिलेलं नाही.

लोक उठून उभे राहतात.
परवा एक बाई रडली. म्हणाली,
हिनं स्वतःलाच काढलंय.
बाबा हसले. पाहुण्यांसाठीचं हसू,
ते त्यांना सगळ्या भाषांत येतं.

बाबांचा डावा हात तिच्या कानामागे.
खाली ओढला की रेघ खाली,
पुढे रेटला की आडवी,
जरा दाबून धरला की डोळा.
इनकॅव हे स्वतःचं नाव बाबांना लिहिता येत नाही.
पण पाटीवर गिरवावं तसं
ते तिच्या कानावर चित्र गिरवतात
दिवसातून दोनदा, रविवारी तीनदा.
त्या मुठीत काय असतं, मी विचारलं नाही.
सदरे मीच धुते. खिसे आधी चाचपते.

चियांग माईहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या, रत्तिकाल,
हातात तक्ता.
साखळी किती हात? सावली? पायाची नखं?
कानामागे बोट फिरवता फिरवता थांबल्या.
तिथली कातडी निबर, टाचेसारखी.
त्याला तक्त्यात रकाना नव्हता,
समासात काहीतरी लिहिलं.
बाबा म्हणाले, जंगलतोड बंद झाली तेव्हा
ही बारा वर्षांची, ओंडके ओढायची.
रोज दोनशे किलो गवत, मॅडम.
कुठल्या खिशातून, ते पण लिहा.
बाईंनी पेनाचं टोपण लावलं.
माझ्याकडेही उत्तर नव्हतं. अजून नाही.

मग ते वर्ष आलं, बस न येण्याचं.
गवताची उधारी थकली.
पाच दिवस चालत आम्ही तिला गावी नेलं,
रात्री चालायचं, दुपारी बांबूत निजायचं.

गावात एका संध्याकाळी मी फळी उभी केली,
कागद लावला, हिरव्यात ब्रश बुडवला.
एकदा बघायचं होतं,
कानामागे कुणी नसताना ही काय काढते.
बाबा लांब, विडी पेटवत.

तिनं कागद हुंगला.
ब्रश झटकून टाकला.
पुन्हा उचलला, उलटा,
सोंड मागे वळवली
आणि लाकडी टोकानं कानामागे खाजवत राहिली,
सावकाश, डोळे अर्धे मिटून,
बराच वेळ.
ओला रंग तिच्याच गालाला लागत होता.

कागद कोरा.
बाबांच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली,
तेव्हा कुठे त्यांनी ती टाकली.
रात्री जेवताना म्हणाले, मीठ कमी आहे.
कमी नव्हतं.

पुढच्या थंडीत बस परत आल्या.
फूल अजून डावीकडेच कलतं.
पैसे वेळेवर मिळतात,
ती पोटभर खाते, हेही खरं आहे,
हे सोडून बोलू नये.
बाबांचा हात कानामागे असतो.
मूठ मिटलेली असते की उघडी,
मी उभी असते तिथून दिसत नाही.
मी कधी जागा बदलून पाहिलेली नाही.