लाईन क्लिअर

रात्री दोनला चारठाण्याच्या उपकेंद्रात फोन वाजतो.
"साहेब, लाईन कव्हा यील?"
मी साहेब नाही, ऑपरेटर आहे,
पण हे सांगायला वेळ नसतो.
"मुनीरभाई खांबावर हायेत. थांबा."

एवढासा शब्द, त्याला आम्ही किती राबवतो.
भुजंगरावांचं पोरगं पुण्यात लाईनीला लागलं.
त्याआधी ते स्टँडवर लाईन मारायचं,
मार खाऊन लाईनवर आलं.
एकच पोरगं, तीन अर्थ.

माझ्या रजिस्टरात चौथा:
लाईन क्लिअर. दिली, एक चाळीस. घेणार, शेख मुनीर.
परत केली
ही जागा अजून कोरी.
ती कोरी आहे तोवर
स्विचला हात नाही,
आमदाराचा फोन आला तरी.

टेबलावर बिनपुठ्ठ्याची डिक्शनरी आहे.
आधीचे तोडकर परीक्षेसाठी घेऊन आले आणि विसरून गेले.
कोऱ्या जागेकडे बघवेना, म्हणून उघडली.
वाटलं, या शब्दाच्या बुडाशी तार निघेल,
निदान लोखंड.
निघाली दोरी. दोरीखाली दोरा.
दोऱ्याखाली लॅटिन लिनम,
म्हणजे जवस.

जवस!
आमच्या करडीच्या कडेनं दोन तास असायचे त्याचे.
तास म्हणजे लाईनच की,
पण तिथं कुणी लाईन म्हणत नव्हतं.
निळी फुलं, दुपारच्या आत गळणारी.
बी झोडून घ्यायचं,
तेलाला, चटणीला, बाळंतिणीच्या लाडवाला.
काड्या चुलीत.
मोडायला गेलं तर काडी वाकायची,
साल चिवट लोंबत राहायची बोटाला.
आई करवादायची, "तुटंना बी, जळंना बी."
तेच लोंबणारं कुणी तरी, कुठल्या तरी मुलखात
जपून सोललं, वळलं, ताणून धरलं
आणि त्याचा शब्द झाला.
आम्ही त्याच्यावर चहा उकळला.

दोन बावीस.
"सगळे खाली उतरलो. लाईन वापस."
आवाज मुनीरभाईचाच आहे, हे दोनदा विचारून घेतलं.
कोरी जागा भरली.
मग राहवेना, सांगितलं,
भाई, लाईन म्हणजे जवस. अळशी.
तिकडं थोडा वेळ नुसता वारा.
"अलसी? तो मैं अलसीमन हुआ क्या?"
आणि शिवी घालून हसले.

ब्रेकर चढवला.
ठक्.
लगेच फोन.
"साहेब, लाईन आली,
पर एकच फेज हाय."